ऑफिसमध्ये कमी ऐकू येतं? फोन आणि लॅपटॉपचा आवाज आपल्या कानाच्या मापाने असा सेट करा

साठ आणि आठ. मराठी, हिंदी, गुजराती, तिन्हीकडे हे आकडे जवळपास सारखेच, फरक फक्त सुरुवातीच्या 'स'चा, आणि ज्यांचं वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी झालंय त्यांना फोनवर नेमका तो 'स'च येत नाही. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या एखाद्या कंपनीत पर्चेसला बसणारा माणूस सप्लायरला दोनदा विचारतो, 'साठ ना?', तिसऱ्यांदा विचारायचा संकोच वाटतो, मग 'हां हां' म्हणून फोन ठेवतो आणि लगेच व्हॉट्सॲपवर क्वांटिटी कन्फर्म करा म्हणून मेसेज टाकतो. दिवसभर हेच केल्यावर संध्याकाळी डोकं जे भणभणतं ते कामामुळे नाही, ऐकण्याच्या मेहनतीमुळे.

त्यात आपलं बडोद्याचं वेगळंच, घरी मराठी, ऑफिसात गुजराती, बाहेरच्या पार्टीशी हिंदी, मेल आणि मीटिंग इंग्लिशमध्ये. अर्धवट ऐकलेलं वाक्य आपण सगळेच अंदाजाने पूर्ण करतो, पण हा अंदाज मातृभाषेत जेवढा पटकन लागतो तेवढा दुसऱ्या भाषेत लागत नाही, म्हणून दांडिया बाजारातल्या घरी ज्याला काहीच अडचण वाटत नाही तोच माणूस ऑफिसच्या मीटिंगमध्ये हरवतो आणि लोकांना वाटतं याचं लक्ष नाही.

आवाज वाढवून हे सुटत नाही. अशा कानांना खालच्या पट्टीतले जाड आवाज बऱ्यापैकी नीट येतात, एसीची घरघर, बोलण्यातले आ-ओ-ऊ सगळं येतं, व्हॉल्यूम वाढवला की तेच अजून अंगावर येतं, आणि स, श, फ, थ, च जिथे होते तिथेच राहतात. आवाज वाढायला हवा तो जिथे कान कमी पडतोय तिथेच, तेवढाच, आणि उजव्या-डाव्याला वेगवेगळा. हे काम आता फोन आणि लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर करतं, त्यातलं बरंचसं फुकट आहे आणि काही तर तुमच्या फोनमध्ये आत्ता पडलेलं आहे. कसं करायचं ते खाली क्रमाने लिहितोय, मधलं काही सोडू नका, विशेषतः ऑडिओग्राम (कुठल्या पट्टीत किती कमी ऐकू येतं ते दाखवणारा टेस्टचा कागद) आणि ब्लूटूथवाला भाग.

सेटिंगला हात लावायच्या आधी डॉक्टर

एका दिवसात किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचं ऐकणं अचानक पडलं असेल तर ती इमर्जन्सी आहे, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. यात स्टेरॉइडने उपचार करतात आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका उपयोग, काही आठवडे गेले की संधी हातातून जाते. कान वाहतोय, चक्कर येते, एकाच कानाने कमी येतं किंवा एकाच कानात सतत आवाज येतो, हे असलं तरी आधी डॉक्टर. आणि साधा मळ पण बघून घ्या, मळाने कान बंद असताना काढलेली टेस्ट आणि त्यावर केलेलं सगळं सेटिंग फुकट जातं.

पहिली पायरी: ऑडिओग्राम, आकड्यांसकट

सगळ्याचा पाया हा एक कागद आहे. ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, म्हणजे ऑडिओलॉजिस्टकडे, पीटीए म्हणजे प्युअर टोन टेस्ट केली की तो मिळतो, बंद खोलीत हेडफोन लावून बारीक बारीक टूं-टूं ऐकवतात आणि ऐकू आलं की बटण दाबायचं. सरकारीत करायची असेल तर एसएसजी या सरकारी हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा ओपीडीतून सुरुवात करा, प्रायव्हेट क्लिनिक रावपुरा-अलकापुरीकडे बरीच आहेत. कानाचं मशीन विकणाऱ्या दुकानात फ्री टेस्ट असते तीही चालेल, पण टेस्ट करणारा शिकलेला ऑडिओलॉजिस्ट आहे का ते विचारा, आणि रिपोर्टची कॉपी घेतल्याशिवाय उठू नका, काही ठिकाणी मशीन घेतलं नाही तर कागद देताना टाळाटाळ करतात. रिपोर्ट तुमचा आहे, तो मागायचा.

कागद वाचायला सोपा आहे. वर आडव्या ओळीत हर्ट्झ लिहिलेले असतात, २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८०००, डावीकडे जाड आवाज आणि उजवीकडे जाता जाता बारीक. उभ्या बाजूला डेसिबल, वर शून्याच्या आसपास आणि खाली शंभर-एकशेवीस. उजवा कान लाल गोल, डावा कान निळी फुली. रेघ जितकी खाली उतरते तितकं त्या पट्टीतलं ऐकणं कमी. वर्षानुवर्षं मशीन शॉपमध्ये काम केलेल्यांच्या कागदावर बहुतेक वेळा ४००० पाशी रेघ खड्ड्यात गेलेली दिसते आणि ८००० ला थोडी वर येते, वयामुळे कमी झालेल्यांची रेघ उजवीकडे उतारासारखी घसरत जाते.

ऑडिओलॉजिस्टकडून अजून दोन गोष्टी मागून घ्या ज्या लोक सहसा मागत नाहीत. एक म्हणजे स्पीच डिस्क्रिमिनेशन स्कोअर, म्हणजे आवाज पुरेसा मोठा करून शब्द ऐकवले तर त्यातले किती टक्के बरोबर सांगता येतात. दुसरं म्हणजे कोणत्या डेसिबलला आवाज नकोसा होतो. पहिल्याने कळतं की सॉफ्टवेअरवर किती भिस्त ठेवायची, हा स्कोअर जर अर्ध्याच्याही खाली असेल तर आवाज वाढवून शब्द फारसे स्पष्ट होणार नाहीत, मग कॅप्शनवाला (बोललेलं स्क्रीनवर छापून येतं तो) भाग तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा. दुसऱ्याने कळतं की कुठे थांबायचं.

टेस्टची तारीख निवडताना नवरात्र लक्षात ठेवा. गरब्याच्या ग्राउंडवर स्पीकरजवळ तीन तास काढले की ऐकणं तात्पुरतं खाली जातं, दुसऱ्या दिवशी काढलेला ऑडिओग्राम खोटा येतो. उत्तरायणला गच्चीवर दिवसभर डीजे असतो तेव्हाही तेच. टेस्टच्या आधी निदान चौदा-सोळा तास कानाला शांतता हवी, शॉप फ्लोअरवर काम असेल तर टेस्ट सुट्टीनंतरच्या सकाळी ठेवा, शिफ्ट संपवून जाऊ नका.

फोनवरच्या टेस्टबद्दल सगळेच विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेचं हिअरडब्ल्यूएचओ ॲप २०१९ मध्ये आलं, त्यात गोंगाटात बोललेले आकडे ओळखायचे असतात, आपल्याला टेस्टची गरज आहे का हे बघायला ते चांगलं आहे. मिमी नावाच्या बर्लिनच्या कंपनीचं ॲप कानाप्रमाणे प्रोफाइल काढून देतं. पण ॲपला हे माहीत नसतं की तुमचा इयरफोन नक्की किती जोराने वाजतोय, खोलीत पंखा चालू आहे की नाही, म्हणून सुरुवात ॲपने केली तरी आकडे मात्र ऑडिओलॉजिस्टच्या कागदावरूनच भरा.

दुसरी पायरी: आपण कुठल्या गटात आहोत

दोन्ही कानांपैकी जो बरा आहे त्याचे ५००, १०००, २००० आणि ४००० चे आकडे मिळवून चारने भागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २० ते ३५ डेसिबल म्हणजे सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र, त्यापुढे अतितीव्र. पन्नासपर्यंत असाल तर खाली दिलेल्या इयरफोन-सॉफ्टवेअरच्या वाटेने ऑफिसचे कॉल आणि मीटिंग बऱ्यापैकी सुधारतील. पन्नासच्या पुढे असाल तर माझं स्पष्ट मत आहे, आधी कानाचं मशीन, सॉफ्टवेअर त्याच्या जोडीला. इयरफोन घालून कोणी दिवसभर सहकाऱ्यांशी समोरासमोर बोलू शकत नाही, आणि इतकं कमी ऐकू येत असताना नुसत्या इयरफोनवर भागवणं म्हणजे वर्षं वाया घालवणं.

ज्यांच्याकडे मशीन आधीपासून आहे त्यांनी मशीनच्या कंपनीचं ॲप उघडून बघा, फोनाक, ओटिकॉन, रीसाउंड, सिग्निया सगळ्यांची ॲप आहेत. त्यात ऑफिस, कॉल, गोंगाट असे वेगळे प्रोग्राम करता येतात आणि कॉलचा आवाज थेट मशीनमध्ये येतो. मशीन तुमच्या ऑडिओग्रामवर आधीच सेट केलेलं असतं, म्हणून त्याच वेळी फोनमधलं कानाचं सेटिंग पण चालू ठेवू नका, एकाच पट्टीत दोनदा वाढ होते आणि आवाज पत्र्यासारखा येतो.

तिसरी पायरी: फोन

आयफोनवर हे सगळ्यात सोपं आहे. सेटिंग्स, ॲक्सेसिबिलिटी, ऑडिओ अँड व्हिज्युअल, त्यात हेडफोन अकोमोडेशन्स. २०२० च्या आयओएस १४ पासून ही सोय आहे, एअरपॉड्स, बीट्सचे काही मॉडेल आणि ॲपलच्या वायरवाल्या इयरपॉड्सवर चालते. कस्टम ऑडिओ सेटअप निवडा, हेल्थ ॲपमध्ये ऑडिओग्राम भरलेला असेल तर तो वापरायचा का असं विचारेल, हो म्हणा. हेल्थ ॲपमध्ये हिअरिंग, ऑडिओग्राम असं जाऊन आकडे भरता येतात, दोन्ही कानांचे, उजव्या-डाव्याची अदलाबदल होऊ देऊ नका. शेवटी फोन आणि मीडिया अशी दोन बटणं आहेत, फोनवालं चालू करायचं बरेच लोक विसरतात, मग गाणी छान वाजतात आणि कॉल तसेच्या तसेच.

एअरपॉड्स प्रो २ ला अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२४ मध्ये सौम्य ते मध्यम ऐकणं कमी असलेल्या प्रौढांसाठी मशीनसारखं वापरायला मान्यता दिली. हे फीचर देशाप्रमाणे चालू-बंद असतं, म्हणून फक्त त्यासाठी इयरबड घेणार असाल तर दुकानातच तुमच्या फोनला जोडून सेटिंगमध्ये पर्याय दिसतोय का बघा आणि मगच पैसे द्या.

सॅमसंगवर सेटिंग्स, साउंड्स अँड व्हायब्रेशन, साउंड क्वालिटी अँड इफेक्ट्स, अडॅप्ट साउंड. वयाप्रमाणे तयार प्रोफाइल दिसतील ती सोडून द्या, स्वतःची टेस्ट घ्या, ती शांत खोलीत आणि ज्या इयरफोनने रोज कॉल घेता त्याच इयरफोनने घ्या. बाकीच्या अँड्रॉइडवर गुगलचं साउंड ॲम्प्लिफायर आहे, प्ले स्टोअरवर फुकट, त्यात बारीक आवाज किती वाढवायचा ते प्रत्येक कानाला वेगळं लावता येतं आणि मागचा गोंगाट कमी करता येतो. समोरासमोरच्या बोलण्यासाठी फोन टेबलावर बोलणाऱ्याच्या बाजूला सरकवून ठेवा, माइक जितका त्याच्या तोंडाजवळ तितकं स्पष्ट, आणि शक्यतो वायरचा इयरफोन लावा कारण ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा येतो, ओठ आणि शब्द जुळत नाहीत आणि ओठांकडे बघून समजायची जी मदत होते तीच जाते. साउंडकोअरच्या काही इयरबडमध्ये हिअरआयडी नावाने अशीच टेस्ट आहे, नथिंगच्या काही मॉडेलमध्ये पर्सनल साउंड प्रोफाइल, नवीन घेणार असाल तर हे शब्द बॉक्सवर शोधा.

चौथी पायरी: ऑफिसचा विंडोज लॅपटॉप

विंडोजमध्ये ऑडिओग्राम भरायची सोय नाही, म्हणून इथे थोडं हाताने करावं लागतं. इक्वलायझर एपीओ नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, आणि त्याच्यावर पीस नावाचं दुसरं फुकट सॉफ्टवेअर टाकलं की सरकत्या पट्ट्यांचा नेहमीचा स्क्रीन मिळतो. कंपनीच्या लॅपटॉपवर ॲडमिनचा पासवर्ड लागेल, आयटीवाल्याला ऑडिओग्रामची कॉपी जोडून मेल करा, तोंडी सांगितलेलं काम मागे पडतं. इन्स्टॉल करताना डिव्हाइसची यादी येते, त्यात जो हेडसेट वापरता त्याच्यावर टिक करा, मग लॅपटॉप रीस्टार्ट. टिक चुकीच्या डिव्हाइसवर पडली तर पट्ट्या कितीही सरकवा, काही फरक पडत नाही.

आता आकडे. समजा एका कानाचा कागद असा आहे: ५०० ला २०, १००० ला ३०, २००० ला ४५, ४००० ला ६०. जितकं कमी तितकं वाढवायचं असं करू नका, साठच्या जागी साठ वाढवलं तर सहन होणार नाही. कानाच्या मशीनच्या धंद्यात १९४० च्या दशकापासून अर्ध्याचा ठोकताळा आहे, जितकं नुकसान त्याच्या साधारण निम्मी वाढ. आपण इथे अजून सांभाळून एक-तृतीयांश धरू, म्हणजे साधारण ७, १०, १५ आणि २० डेसिबल. हे शेवटचं टार्गेट, पहिल्या आठवड्यात याच्या निम्मं लावा, ३, ५, ८, १०. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, प्रीॲम्प नावाची पट्टी तितकीच खाली घ्या जितकी तुमची सगळ्यात मोठी वाढ आहे, १० वाढवलं असेल तर प्रीॲम्प उणे १०. हे केलं नाही तर आवाज फाटतो आणि कोणी अचानक हसलं-ओरडलं की कानात सुई टोचल्यासारखं होतं.

दुसऱ्या कानाचे आकडे वेगळे असतील तर पीसमध्ये डावा-उजवा चॅनेल निवडून वेगळे भरा. दोन्ही कानांत खूप फरक असेल आणि एक जवळजवळ गेलेला असेल तर वेगळं काम करा, विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये ऑडिओ, तिथे मोनो ऑडिओ चालू करा, म्हणजे दोन्ही बाजूंचं सगळं चांगल्या कानात येईल. फोनमध्येही हीच सोय त्याच जागी सापडते.

एक मर्यादा समजून घ्या. ज्यांचं ऐकणं आतल्या नसेमुळे कमी झालंय त्यांना हळू आवाज येत नाही पण मोठा आवाज इतरांइतकाच, कधी जास्तच लागतो. चांगलं मशीन हळू आवाज जास्त वाढवतं आणि मोठा आवाज कमी, इक्वलायझर बिचारा त्या पट्टीतलं हळू-मोठं सगळं सारखंच वाढवतो. म्हणून त्याने कॉल स्पष्ट होतात, तरी तो मशीनची जागा घेत नाही.

सेटिंग बरोबर बसलं का हे गाण्यावर तपासू नका. घरातल्या किंवा ऑफिसातल्या कोणाला तरी दुसऱ्या खोलीत बसवून कॉलवर शब्द वाचायला सांगा, आपल्याला फसवणारे: साठ-आठ, सात-हात, वीस-तीस, पाच-पास, चार-हार, फिफ्टीन-फिफ्टी, आणि गुजरातीतलं दोढसो-अढीसो, क्रम उलटसुलट. ऐकलं ते लिहून काढा, आधी सेटिंग बंद ठेवून, मग चालू करून. चालू केल्यावर 'स'च्या जोड्या सुधारल्या पण स टोचायला लागला तर ४००० ची पट्टी दोन-तीन डेसिबल खाली घ्या. काहीच सुधारलं नाही तर पुढची पायरी वाचा, बहुतेक दोष तिथे असतो.

पाचवी पायरी: आवाज येण्याचा रस्ता मोकळा करा

हा भाग लोकांना कोणी सांगतच नाही. लॅपटॉपला ब्लूटूथ हेडफोन जोडून मीटिंग सुरू केली आणि हेडफोनचाच माइक वापरला की हेडफोन हँड्सफ्री मोडमध्ये जातो, आवाज एकदम दबका होतो. जुन्या प्रकारात ४००० हर्ट्झच्या वरचं काहीच येत नाही, नव्या प्रकारातही बहुतेकदा ८००० च्या आतच सगळं संपतं. 'स'चा जोर तर ४००० च्या वर असतो. म्हणजे तुम्ही पट्टी वर केली, पण तिथे वाढवायला आवाजच आलेला नाही. उपाय सोपा आहे, टीम्स किंवा झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा आणि स्पीकर म्हणून हेडफोन. किंवा सरळ यूएसबी वायरचा हेडसेट वापरा, ऑफिसच्या कामाला माझी पसंती त्यालाच, चार्जिंगची कटकट नाही आणि आवाजात उशीर नाही.

टेबलावरचा इंटरकॉमवाला फोन आणि साधा जुना मोबाइल कॉल ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेतो. व्होल्टी, म्हणजे ४जी नेटवर्कवरून जाणारा कॉल, दोन्हीकडे असेल तर साधारण ७००० पर्यंत जातो, व्हॉट्सॲप कॉलही साध्या कॉलपेक्षा रुंद असतो. म्हणून फोनमध्ये व्होल्टी चालू आहे का बघा, टेबलाचे कॉल मोबाइलवर फॉरवर्ड करून मागा, आणि नेहमीच्या पार्टीला सांगून ठेवा की रेट-क्वांटिटीचं बोलणं व्हॉट्सॲप कॉलवर करूया.

कॉन्फरन्स रूममध्ये मधोमध एक स्पीकरफोन आणि भोवती आठ जण, हा आपल्यासाठी सगळ्यात वाईट प्रकार. आपल्या जागेवरून स्वतःच्या लॅपटॉपवर जॉइन व्हा, आणि खोलीतल्या जो जास्त बोलणार आहे त्यालाही त्याच्या लॅपटॉपवरून जॉइन व्हायला सांगा.

सहावी पायरी: कॅप्शन

ऐकणं सुधारलं तरी कॅप्शन चालू ठेवा, नाव, तारीख, आकडा डोळ्यांनी पकडता येतो. मीट, टीम्स, झूम तिन्हीत आहे, फक्त बोलायची भाषा बरोबर निवडा, हिंदी मीटिंगला इंग्लिश ठेवली तर भलतंच छापून येतं. विंडोज ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि एल ही तीन बटणं एकत्र दाबली की लॅपटॉपवर वाजणाऱ्या इंग्लिश बोलण्याचे कॅप्शन येतात, व्हिडिओ ट्रेनिंगला हे फार कामाचं.

समोरासमोर बोलायला अँड्रॉइडवर गुगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या गॅलॉडेट या बधिरांच्या विद्यापीठाबरोबर मिळून केलेलं ॲप आहे, मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही चालतात आणि दोन भाषा निवडून एका टॅपमध्ये बदलता येतात. बडोद्यासाठी पहिली गुजराती, दुसरी इंग्लिश ठेवा. सेटिंगमध्ये स्वतःचे शब्द भरता येतात, पार्टीची नावं, पार्ट नंबर, मटेरियलचे ग्रेड तिथे टाका, आणि कोणी तुमचं नाव घेतलं की फोन थरथरेल असंही सेट करता येतं, पाठीमागून हाक मारणाऱ्यांसाठी ते फार उपयोगी. 'ए साठ नंगनो ऑर्डर काले मोकलजो' (त्या साठ नगांची ऑर्डर उद्या पाठवा) असं गुजराती-इंग्लिश मिसळून कोणी बोललं की चुका होतातच, म्हणून आकडा आला की तो उलट बोलून पक्का करायची सवय ठेवा. आणि ट्रान्स्क्रिप्ट फोनमध्ये साठवण्याआधी सोबतच्यांना विचारा, पगार, रेट, तक्रारी असलं बोलणं सेव्ह करू नका.

शॉप फ्लोअरवर हे काहीच वापरू नका

प्रेस, ग्राइंडर, कॉम्प्रेसर चालू असलेल्या जागी आवाज वाढवणारं काहीही कानात ठेवून जायचं नाही, तो गोंगाटही वाढून कानात जातो आणि उरलेलं ऐकणंही कमी होत जातं. तिथे इयरप्लग किंवा इयरमफ, ऐकणं कमी असलं तरी. माणसं म्हणतात मला तसंही कमी येतं, प्लगची काय गरज, पण उरलेलं जपायचं तर तुम्हालाच जास्त गरज आहे. फोर्कलिफ्टचा हॉर्न आणि फायर अलार्म ऐकू येत नसेल तर सेफ्टीवाल्याकडे लाइटचा अलार्म लेखी मागा. ऑफिसात बसूनही कानात जाणाऱ्या आवाजाचा एकूण डोस सांभाळा, जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास अशी हद्द सांगते, आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये हेडफोनचा हा हिशोब दिसतो.

सातवी पायरी: ऑफिसात सांगायचं कसं

लपवण्यात जी ताकद जाते ती कामाला लागू द्या. साहेबांना आणि एचआरला मोघम सांगू नका, काय लागतं ते सांगा, काहीसं असं:

'सर, मला दोन्ही कानांनी बारीक आवाज कमी येतात, रिपोर्ट जोडलाय. कामात अडचण येऊ नये म्हणून तीन गोष्टी हव्यात: लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकायची परवानगी आणि यूएसबी हेडसेट, मीटिंगमध्ये कॅप्शन चालू, आणि तोंडी ठरलेले आकडे त्याच दिवशी मेलवर.'

यातल्या एकालाही मोठा खर्च नाही. कायदाही तुमच्या बाजूने आहे, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण करायला सांगितलंय आणि २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खाजगी कंपन्यांनी त्यात काय सोयी देणार ते लिहायचं असतं. सरकारी नोकरीत तर गरजेप्रमाणे सोय करून देणं बंधनकारक आहे. या कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबल नुकसान म्हणजे कमी ऐकू येणारे आणि ७० म्हणजे बधिर, त्या गटात असाल तर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. पस्तीस-चाळीस डेसिबलवाले या व्याख्येत बसत नाहीत, पण हेडसेट आणि कॅप्शन मागायला कार्ड लागतही नाही.

सोबतच्यांना मोठ्याने बोलायला सांगू नका, ओरडल्यावर शब्द वाकडे होतात. समोर येऊन, तोंडावर हात न ठेवता, नेहमीपेक्षा जरा सावकाश बोला एवढंच सांगा. न कळलेलं वाक्य तसंच परत नको, वेगळ्या शब्दांत सांगा म्हणावं, 'काले' कळलं नाही तर 'बुधवारे'.

पहिले दोन-तीन आठवडे

सुरुवातीला सगळं कर्कश वाटेल, कीबोर्डची टकटक, कागदाची सळसळ, प्लास्टिकची पिशवी. मेंदूने हे आवाज खूप दिवसांत ऐकलेले नसतात, म्हणून लगेच बंद करू नका, पहिले काही दिवस फक्त कॉलला, मग मीटिंगला, मग पूर्ण दिवस. दर काही दिवसांनी पट्टी दोन-तीन डेसिबल वर, आणि प्रत्येक वेळी तीच शब्दांची यादी. डोकं दुखलं, कानात आवाज यायला लागला किंवा ऐकणं अजून दबलं असं वाटलं तर सेटिंग बंद आणि ऑडिओलॉजिस्टकडे.

पट्ट्यांचे आकडे लॅपटॉपवर सेव्ह करून त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, लॅपटॉप बदलला की आयटीवाले सगळं पुसून देतात. वर्षाला एकदा नवीन ऑडिओग्राम काढून जुन्याशेजारी ठेवून बघा, मशीन शॉपवाल्यांनी सहा महिन्यांनी. ४००० चा आकडा अजून दहाने खाली गेलेला दिसला तर सेटिंग बदलण्याआधी कामाच्या जागेचा आवाज मोजून घ्या आणि तो रिपोर्ट सेफ्टी कमिटीसमोर ठेवा.